टाचणीखालची चिठ्ठी : हौशी मॅक्रो फोटो पुरावा कधी ठरतो?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न बरेचदा येतो. "माझ्याकडे येऊर आणि नागलाच्या जंगलात काढलेले किडे-कोळ्यांचे हजारो फोटो आहेत. त्यातून पेपर होईल का?" उत्तर 'हो'ही असू शकतं आणि 'नाही'ही. आणि ते कॅमेऱ्याच्या किमतीवर किंवा फोटो किती देखणा आहे यावर अजिबात अवलंबून नाही. ते कशावर अवलंबून आहे हे नीट कळायला साधारण १४० वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हा लेख इतिहासाचा.

आधी जागा समजून घेऊ. ठाण्यात माजिवड्याहून घोडबंदरकडे निघालात की डाव्या हाताला येऊरचे डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू लागते. पुढे गायमुखपासून उजव्या हाताला खाडी सोबत येते. मानपाडा, ओवळा, ससूपाड्याजवळचं नागला, चेणे ही सगळी नावं मुंबई-ठाण्यातल्या निसर्गवेड्यांच्या तोंडी असतात. पहिला पाऊस पडून गेला की इथल्या पायवाटांवर पानं उलटून बघणारी, गुडघ्यावर बसलेली माणसं दिसायला लागतात. त्यांच्या हातात मॅक्रो लेन्स असते आणि फ्लॅशला घरी बनवलेला पांढरा डिफ्यूझर लावलेला असतो. यातले बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून येणारे. आपल्याकडे यांना 'हौशी' म्हणतात आणि तो शब्द जरा कमीपणाने वापरतात. तिथूनच सुरुवात करू.

सगळे हौशीच होते

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ माणसं एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे आपली बीएनएचएस, सुरू केली. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. बाकीच्यांत कर्नल स्विन्हो लष्करात, तर ई. एच. एटकेन जकात आणि मीठ खात्यात नोकरीला. नंतर लगेच सोसायटीत आलेले फिप्सन दारूचे व्यापारी. कीटकशास्त्र हा यांच्यापैकी कोणाच्याच पोटापाण्याचा उद्योग नव्हता.

तरीही या भागातल्या कीटकांची पहिली व्यवस्थित नोंद याच लोकांनी केली. एटकेन आणि कोम्बर यांनी १९०३ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये कोकणातल्या फुलपाखरांची यादी छापली. पुढे १९५७ मध्ये सोसायटीने भारतीय फुलपाखरांवरचं जे मोठं पुस्तक काढलं, त्याचे लेखक विंटर-ब्लाइथ हे राजकोटला शाळा चालवणारे शिक्षक. थोडक्यात, आपल्याकडे या विषयाचा पाया हौशी माणसांनीच घातला. प्रयोगशाळा आणि पीएचडी फार नंतर आल्या.

मग प्रश्न असा की, जकात खात्यातल्या एका साहेबाने रविवारी पकडलेल्या फुलपाखरावर आज शंभर वर्षांनी आपण विश्वास का ठेवतो?

चिठ्ठी

संग्रहालयातला कीटकांचा ड्रॉवर कधी पाहायला मिळाला तर वरच्या रंगीत पंखांकडे बघून झाल्यावर टाचणी खालपर्यंत नीट बघा. किड्याच्या खाली, त्याच टाचणीत ओवलेली नखाएवढी एक चिठ्ठी असते. तिच्यावर बारीक अक्षरात तीन गोष्टी असतात: कुठे सापडला, कधी सापडला, कोणी पकडला. बस एवढंच.

पण सगळं विज्ञान त्या चिठ्ठीत आहे. चिठ्ठी हरवली की तो किडा फक्त शोभेचा उरतो. पंख तुटलेला, रंग उडालेला नमुना चिठ्ठीसकट असेल तर तो शंभर वर्षांनीही बोलतो: 'या महिन्यात, या जागी मी होतो.' आणि वस्तू समोर असल्यामुळे कोणालाही ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून म्हणता येतं, 'मागच्यांनी ओळख चुकवली आहे, ही वेगळी जात आहे.' म्हणजे नमुन्यात दोन ताकदी असतात. एक, त्याला जागा आणि काळ असतो. दोन, तो पुन्हा तपासता येतो. पुढचा सगळा इतिहास वाचताना या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण फोटोने यातली पहिली मिळवली, दुसरी मात्र अर्धीच.

जाळी गेली, लेन्स आली

जवळून काढलेल्या फोटोंचा इतिहास तसा जुना. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंपासून वेगळं ओळखता यावं म्हणून दहापटींपेक्षा कमी मोठ्या केलेल्या चित्रांना 'फोटोमॅक्रोग्राफ' म्हणावं, असं वॉल्म्सली यांनी १८९९ मध्येच सुचवलं होतं. पण जंगलात हातात धरून असा फोटो काढणं फार अवघड. १९५५ मध्ये किलफिट कंपनीची 'माक्रो-किलार' आली. वेगळे जोड न लावता दूरपासून अगदी जवळपर्यंत फोकस होणारी ही पहिली लेन्स मानली जाते. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीही अशा लेन्स काढल्या.

आपल्याकडे बदल घडला तो मात्र तंत्राइतकाच कायद्यामुळे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही गोळा करणं बंद झालं. फुलपाखरांच्या काही जातींनाही संरक्षण मिळालं. ते योग्यच झालं. पण त्यामुळे हौशी अभ्यासकाच्या हातातलं जाळं गेलं आणि त्या हातात हळूहळू कॅमेरा आला. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो. त्यातले तीस हलायचे, आणि ते हललेत हे रोल धुऊन आल्यावर कळायचं. कुठला फोटो कुठे काढला हे वहीत लिहिलं नसेल तर विषय संपला. त्यामुळे हा उद्योग फार थोड्यांनाच परवडायचा.

मॅक्रो इतकं अवघड का, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एकदा आकड्यांत बघावं. १:१ म्हणजे पाच मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही पाचच मिलिमीटरचा पडणं. या मापाला छिद्र एफ/११ ठेवलं, तरी नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरवर साधारण एका मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा थर फोकसमध्ये येतो. म्हणजे कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर मागचे पाय धूसर. शिवाय १:१ ला लेन्स इतकी पुढे जाते की एफ/११ चं काम प्रत्यक्षात एफ/२२ सारखं होतं, प्रकाश एक चतुर्थांशावर येतो. येऊरच्या दाट सावलीत तो पुरत नाही, म्हणून फ्लॅश. आणि कोळ्याचं अंग चकचकीत असतं, उघड्या फ्लॅशने पांढरे डाग पडतात, म्हणून डिफ्यूझर. चिप्सच्या रिकाम्या डब्यापासून बनवलेले डिफ्यूझर, किट लेन्स उलटी बसवायची रिंग, लेन्सच्या तोंडावर अडकवायचं रेनॉक्सचं भिंग ही सगळी याच गणितावर काढलेली स्वस्त उत्तरं आहेत.

फोटोला चिठ्ठी मिळाली

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा सगळे म्हणाले, आता फोटो फुकट झाला. संशोधनाच्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरीच झाली होती. प्रत्येक फाइलच्या पोटात तारीख, वेळ, लेन्स, छिद्र यांची नोंद आपोआप व्हायला लागली. फोन आल्यावर त्यात अक्षांश-रेखांशही आले. टाचणीखालची चिठ्ठी आता कॅमेराच लिहीत होता.

त्या चिठ्ठ्या एकत्र ठेवायला जागाही लवकरच मिळाली. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून आयनॅचरलिस्ट सुरू झालं. त्याच वर्षी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आलं. २०१० मध्ये कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने भारतीय फुलपाखरांचं संकेतस्थळ उभं राहिलं. तिथे फोटोसोबत जागा आणि तारीख लागते, आणि ओळख जाणकार तपासतात. म्हणजे एटकेनच्या काळातलीच शिस्त, फक्त किडा न मारता.

या साठ्यांमधून खरं विज्ञान निघालं का? निघालं. सगळ्यात चांगलं उदाहरण अळ्यांच्या खाद्यवनस्पतींचं. कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर अंडी घालतं हे कळायला कोणीतरी महिनोन् महिने तेच झाड पुन्हा पुन्हा बघावं लागतं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू अशी साखळी फोटोत पकडावी लागते. हे हौशी लोकांनी केलं. २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'मध्ये पश्चिम घाटातल्या तीनशेहून अधिक फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींचा जो आढावा छापून आला, तो अशा निरीक्षणांवर उभा आहे.

घोडबंदर रोडवर याचं प्रात्यक्षिक बघायला मिळतं ते ओवळ्याला. राजेंद्र ओवळेकर या शिक्षकांनी आपल्या वाडीत फुलपाखरांसाठी झाडं लावली. मध देणारी फुलझाडं तर लावलीच, पण मुख्य म्हणजे अळ्या ज्यांची पानं खातात ती झाडं जपली. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. हळदीकुंकू नावाचं पिवळं-लाल फुलपाखरू आंब्यावरच्या बांडगुळावर अंडी घालतं. बांडगूळ काढून टाकणारा माळी आपण हळदीकुंकवाचं घर मोडतोय हे जाणत नाही. ओवळेकर वाडीत हजारो लोकांनी फोटो काढले आहेत. त्यातला पानावरच्या अळीचा एखादा साधा फोटो, झाडाच्या नावासकट, फुलावर बसलेल्या नीलवंताच्या शंभर फोटोंपेक्षा संशोधनाला जास्त उपयोगी पडतो.

ठाण्याचा कोळी

आता फोटोची मर्यादा. २०२१ मध्ये 'आर्थ्रोपोडा सिलेक्टा' या नियतकालिकात उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जातींचं वर्णन आलं. त्यातली एक ठाणे-कल्याण परिसरातली, नाव 'आयसिअस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल धरून ठेवताना प्राण दिलेले, मरणोत्तर अशोकचक्र मिळालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव दिलं आहे. शहराच्या इतक्या जवळ, लाखो माणसांच्या येण्याजाण्याच्या भागात विज्ञानाला माहीत नसलेला प्राणी राहत होता, ही बातमी तेव्हा बऱ्याच जणांनी वाचली असेल.

पण 'नवी जात' हे ठरलं कसं? उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात सहा हजारांहून जास्त जाती आहेत. कोळ्यांचं हे सगळ्यात मोठं कूळ. रंग आणि पट्टे यांच्यावर विसंबून चालत नाही, कारण एकाच जातीत नर-मादी वेगळे दिसतात, पिल्लं तिसरीच दिसतात. खरी ओळख पटते ती नराच्या तोंडाजवळचे 'पाल्प' आणि मादीच्या पोटाखालचं 'एपिजाइन' या जननेंद्रियांच्या रचनेवरून. ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. पानावर बसलेल्या कोळ्याचा पाठीकडून काढलेला सुंदर फोटो या बाबतीत गप्प असतो.

दुसरं उदाहरण त्याहून सोपं. विणकर मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा एक कोळी आपल्याकडे सर्रास आढळतो. घाईत काढलेल्या फोटोवर लोक 'मुंगी' लिहून मोकळे होतात. नीट बघितलं तर पाय आठ. इथे फोटो वाचवतो, कारण पाय मोजता येतात. पाल्प मात्र मोजता येत नाहीत. कुठला प्रश्न फोटोला विचारायचा आणि कुठला नाही, हे कळणं म्हणजेच पद्धतीचं शिक्षण.

मारायचं की नाही?

यावर विज्ञानात मोठं भांडण झालं आहे आणि ते पूर्ण मिटलेलं नाही. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमण अथरेय हेही एका अर्थाने हौशी पक्षीनिरीक्षक. त्यांना १९९५ मध्ये अरुणाचलातल्या ईगलनेस्टमध्ये एक अनोळखी पक्षी दिसला. अकरा वर्षांनी तो जाळ्यात पकडून, मोजमापं आणि फोटो घेऊन, गळलेली पिसं ठेवून त्यांनी सोडून दिला. पक्षी मोजकेच दिसत होते, त्यातला एक मारायला ते तयार नव्हते. २००६ मध्ये 'बुगुन लिओसिक्ला' या नव्या जातीचं वर्णन तेवढ्यावर छापून आलं.

२०१५ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला जपून ठेवलेल्या नमुन्याशिवाय, फक्त फोटोंवरून नाव दिलं गेलं. तेव्हा वादाला तोंड फुटलं. २०१६ मध्ये ४९३ जणांनी सह्या करून छापलं की फोटोवर आधारलेलं वर्गीकरण अपुरं आणि घातक आहे. २०१७ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नियमांत शिफारशी घातल्या. त्यांचा सारांश असा: जपून ठेवलेल्या नमुन्याशिवाय नाव देणं टाळावं, आणि द्यावंच लागलं तर कारण नीट सांगावं.

मला यात सगळ्यात शहाणपणाची वाटते ती मलेशियातली गोष्ट. हॉक पिंग गुएक या हौशी फोटोग्राफरने २०११ मध्ये क्वालालंपूरजवळच्या जंगलात एका जाळीदार पंखांच्या किड्याचा फोटो काढून फ्लिकरवर टाकला. कॅलिफोर्नियातले कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांनी तो पाहिला आणि ओळखलं की हे काहीतरी नवीन आहे. पण नमुना नव्हता, म्हणून थांबावं लागलं. पुढे गुएक त्याच जागी परत गेले, किडा मिळवला आणि तो लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला तपासायला गेला. २०१२ मध्ये 'सेमाक्रायसा जेड' ही जात जाहीर झाली. लेखकांत विंटरटन यांच्यासोबत गुएक यांचंही नाव आहे. इथे फोटोने बोट दाखवलं, नमुन्याने शिक्कामोर्तब केलं. आणि 'त्याच जागी परत' जाता आलं, कारण फोटो कुठला हे काढणाऱ्याला ठाऊक होतं. चिठ्ठी होती.

रविवारचा पूर्वग्रह

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुमचे हजारो फोटो. त्यातून काय सिद्ध होतं आणि काय नाही?

फोटो सांगतो, 'हे इथे होतं.' 'ते इथे नव्हतं' हे तो सांगत नाही. आपण फोटो काढतो ते सुट्टीच्या दिवशी, पायवाटेच्या कडेने, गाडी लावायची सोय असते तिथे, आणि डोळ्यांत भरणाऱ्या प्राण्यांचे. करड्या रंगाच्या माशीपुढे कोणी गुडघे टेकत नाही. त्यामुळे नुसत्या फोटोंच्या संख्येवरून 'नागलात अमुक जात वाढली' असं म्हणणं धोक्याचं. कदाचित नागलाला जाणारे लोक वाढले असतील. यावर उपाय म्हणजे मेहनतीची नोंद: किती वेळ फिरलो, किती अंतर चाललो, काय शोधूनही दिसलं नाही. एकच वाट, दर महिन्याला, तेवढाच वेळ. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच मोलाचं आहे.

घोडबंदर रोडवर या गोष्टीला घाई आहे. गेल्या काही दशकांत डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती आल्या. आता उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जोडबोगदा होतोय, प्रकल्पाची एकूण लांबी ११.८ किलोमीटर. त्याचा जंगलावर काय परिणाम होईल यावर वाद घालायचा तर 'आधी काय होतं' हे ठाऊक हवं. १९०३ च्या यादीमुळे आपण कोकणातल्या फुलपाखरांबद्दल शतकभराची तुलना करू शकतो. ओवळा ते चेणे या पट्ट्यातल्या कोळ्यांबद्दल पुढच्या पिढीला अशी तुलना करता येईल की नाही, हे आज हार्ड डिस्कमध्ये पडून असलेल्या फोटोंवर ठरणार आहे.

म्हणून काही कामाच्या गोष्टी:

१. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. तारीख चुकीची असेल तर अख्ख्या वर्षाच्या चिठ्ठ्या खोट्या ठरतात. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर त्याच जागी फोनवरही एक फोटो काढून ठेवा.

२. मूळ फाइल जपा, कापलेली नाही. १:१ ला काढलेल्या फोटोवरून प्राण्याचं माप काढता येतं. सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आणि फोटो ६००० पिक्सेल असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे साधारण २५५ पिक्सेल. कोळी १४०० पिक्सेल भरला, तर लांबी साडेपाच मिलिमीटर. अट एकच, त्याचं अंग सेन्सरला समांतर हवं.

३. एका प्राण्याचे निदान तीन बाजूंनी फोटो घ्या: वरून, समोरून, बाजूने. सोबत झाडाचा एक फोटो. खाद्यवनस्पतीचं नाव अर्धा शोध असतो.

४. ओळख पटत नसेल तर वंशापर्यंत किंवा कुळापर्यंतच थांबा. खोट्या खात्रीपेक्षा प्रामाणिक 'कुळापर्यंत' बरं.

५. दुर्मिळ प्राण्याची नेमकी जागा उघड करू नका. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर करायची सोय आहे, मग ती साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसते. ओवळ्याचा कोळी नकाशावर बोरिवलीतही दिसू शकेल. हेच लक्षात ठेवून दुसऱ्यांचा डेटा वापरताना अचूकतेचा रकाना आधी बघा.

६. नवीन काही वाटलं तर स्वतः डबीत भरू नका. राष्ट्रीय उद्यानात नमुना घ्यायला परवानगी लागते आणि ती रीतसर मिळवणारे संशोधक असतात. त्यांना फोटो पाठवा. पेपर झाला तर सहलेखक म्हणून नाव असावं हे आधीच मोकळेपणाने बोला. त्यात संकोच नको.

'पेपर होईल का?' याचं उत्तर आता तुमचं तुम्हालाच देता येईल. फोल्डर उघडा, कुठलाही एक फोटो घ्या आणि विचारा: कुठे, कधी, कोणी, कशावर? चारही उत्तरं मिळाली तर तो फोटो आजच संशोधनाच्या रांगेत उभा आहे, भले तो थोडा हललेला का असेना. एखादं मिळालं नाही, तर येत्या पावसात त्याच वाटेवर वही घेऊन जा.